जुना रंग खरवडताना

रमजानचे पंधरा-वीस रोजे झाले की मोहल्ल्यात शिड्या आणि रंगाचे डबे दिसू लागतात. ईदला पाहुणे येणार, शीरखुर्मा होणार, म्हणून निदान पुढची खोली आणि दार तरी उजळायचे असते. दिवाळीआधी शेजारच्या आळीत हेच दृश्य असते. पूर्वी चुना, त्यात चिमूटभर नीळ आणि एक कुंचा एवढ्यावर भागे. आता शेडकार्ड पाहून रंग ठरतो, सोफ्यामागच्या भिंतीला वेलबुट्टीचा वॉलपेपर लागतो. नवा रंग कोणता, यावर घरात तासभर चर्चा होते. जुना कसा काढायचा, हे मात्र कोणी विचारत नाही.

रंगात काय मिसळले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. हिरव्याचेच पाहा. नवरीचा चुडा हिरवा, दर्ग्यावरची चादर हिरवी. युरोपलाही या रंगाची ओढ होती. १७७५ मध्ये शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि आर्सेनिकपासून झळझळीत हिरवा रंग बनवला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या घरांत अशा हिरव्या पानाफुलांचे वॉलपेपर लागले. विल्यम मॉरिससारख्या नामवंत कलाकाराच्या सुरुवातीच्या कागदांतही आर्सेनिक होते. रंगाची भुकटी उडे, ओल धरली की बुरशीमुळे विषारी वायूही सुटे. डॉक्टरांनी ओरड केली. गिऱ्हाइके आर्सेनिक नसलेला कागद मागू लागली, तेव्हा कारखानदार बदलले.

आपल्या घरातले विष शिशाचे आहे. पिवळ्या, केशरी, लाल, हिरव्या अशा भडक ऑइल पेंटमध्ये ते वर्षानुवर्षे मिसळले जाई. १ नोव्हेंबर २०१७ पासून भारतात घरगुती रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे चालत नाही. पण हा नियम नव्या डब्यासाठी आहे. दारा-खिडक्यांवरचे जुने थर तसेच आहेत. त्यांवर कोरडा पॉलिश पेपर चालला की धूळ जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावरून तोंडात जाते. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात शिसे चार-पाच पट अधिक मुरते आणि मेंदूच्या वाढीला मारक ठरते.

काळजी घ्यायला फार खर्च येत नाही. जुना थर पक्का असेल तर तो खरवडूच नये. पोपडे निघत असतील तर ती जागा आधी पाण्याने भिजवावी आणि वॉटर पेपर ओला ठेवूनच घासावे. रंग जाळून काढू नये. खाली प्लॅस्टिक अंथरावे. काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. तोवर मुले आणि गरोदर बाई नातेवाइकांकडे राहिलेली बरी. रंगाऱ्याला चांगला मास्क द्यावा. तो रोजेदार असेल आणि दिवसभर धुळीत उभा असेल, तर त्याचीही काळजी घरमालकानेच करायची. नवा डबा घेताना त्यावरचा शिशाबद्दलचा मजकूर वाचावा.

ईदच्या सकाळी नवे कपडे घातलेले पोर त्याच दाराला धरून उभे राहणार असते. त्याच्यासाठी एक बादली पाणी आणि अर्धा दिवस जास्त गेला, तर बिघडले काय?