द्विमितीय भ्रमणध्वनी-खेळांतील मराठी अक्षर

भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील द्विमितीय खेळांत शब्दखेळ हा प्रकार रचनेस सोपा समजला जातो. चौकटी वरून खाली सरकतात, खेळणारा त्या स्पर्शाने जुळवितो आणि शब्द पूर्ण होतो. रोमन लिपीपुरता हा समज बहुतांशी खरा आहे. मराठीत मात्र आरंभीच प्रश्न पडतो की, एका चौकटीत ठेवावयाचे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा व त्यावरील व्यावहारिक उपायांचा विचार केला आहे.

परभणी जिल्ह्यातील पिंगळी या गावाचे नाव घेऊ. वाचता येणारे कोणतेही मूल त्यात तीन अक्षरे मोजील : पिं, ग, ळी. परंतु युनिकोड संकेतपद्धतीत हेच नाव प, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ग, ळ व दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांनी साठविले जाते. त्यातही वेलांटी साठविली जाते ‘प’नंतर आणि दिसते ‘प’च्या आधी. त्याच जिल्ह्यातील पूर्णा या नावात अक्षरे दोन, संकेत सहा; आणि ‘ण’पूर्वी उच्चारला जाणारा रफार त्याच्या डोक्यावर बसतो. संकेत म्हणजेच अक्षर असे मानून चौकटी पाडल्यास मुलाच्या हाती सुटी वेलांटी येते. मराठी वाचनात तिला स्वतंत्र स्थान नाही.

सबब पहिला नियम असा की, विभागणी अक्षरशः व्हावी. व्यंजन, हलन्त-चिन्ह व पुन्हा व्यंजन असा क्रम आल्यास तो अखंड ठेवावा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व विसर्ग मागील अक्षरास जोडावेत. युनिकोडच्या सर्वसाधारण विभागणी-नियमांत देवनागरी जोडाक्षरे अखंड ठेवण्याची तरतूद २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत झाली. जुन्या उपकरणांवर ती असेलच असे नाही. म्हणून हा नियम खेळातच लिहून ठेवणे श्रेयस्कर.

दुसरा प्रश्न रेखनाचा. संकेतांचा क्रम बदलून जोडाक्षर घडविणारी यंत्रणा खेळाच्या साधनात असावी लागते. गोडो या मुक्त साधनाच्या २०२३ मधील चौथ्या आवृत्तीत ती अंतर्भूत आहे. जेथे ती नसेल तेथे अक्षरांची तयार चित्रे एका पत्रकावर मांडून वापरता येतात. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ चित्रे होतात. जोडाक्षरांची गणती त्याहून पुष्कळ मोठी. म्हणून खेळाच्या शब्दसूचीत प्रत्यक्ष येणारी अक्षरेच काढावीत. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची तर प्रत्येकास सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. यास्तव अक्षरे घडविण्याचे काम टप्प्याच्या आरंभीच उरकावे, चौकटी सरकत असताना नव्हे.

तिसरी गोष्ट मोकळ्या जागेची. रोमन अक्षराच्या मापाने चौकट आखली तर वरची मात्रा व खालचा उकार छाटला जातो. ‘र्कै’ व ‘ष्ट्रू’ यांसारखी उंच व खोल अक्षरे घालून चौकटीची उंची ठरवावी. आणि स्पर्श व टक्कर यांची सीमा अक्षराच्या आकृतीवरून न घेता चौकटीवरूनच घ्यावी.

चौथी गोष्ट उत्तराच्या निर्णयाची, आणि तीच सर्वांत नाजूक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. यांतील ‘दऱ्या’ दोन प्रकारे साठविता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताने, अथवा साधा ‘र’, हलन्त-चिन्ह व त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच. यंत्रास ती भिन्न. ‘ॲ’ या स्वराचीही हीच गत आहे. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही रूपे एका ठरावीक रूपात आणावीत. अदृश्य चिन्हे सरसकट गाळण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. ती येथे घातक ठरते, कारण जोडचिन्ह गळताच दऱ्यांचा दर्या होतो. आधी ‘ऱ’ करून घ्यावा, मगच उरलेली चिन्हे गाळावीत.

हा केवळ तांत्रिक काटेकोरपणा नव्हे. नुकतेच वाचू लागलेले मूल बरोबर शब्द जुळविते आणि पडदा त्यास ‘चूक’ म्हणतो, तेव्हा ते यंत्रावर संशय घेत नाही. स्वतःच्या वाचनावर घेते. खेळ रचणाऱ्याने संकेतांपूर्वी अक्षराचा विचार करावा, याचे प्रयोजन एवढेच आहे.