गाडी का खडखडते?

मोटारगाडी ही आपल्या भागात आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. निमोणे, न्हावरे, इनामगाव या पट्ट्यात वस्तीवस्तीवर गोठ्याशेजारी एखादी छोटी गाडी उभी दिसते. बहुधा दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या हातातली. कागदोपत्री ती एकाची असली तरी वापरायला सगळ्या आळीची असते. रात्री-अपरात्री शेजारची बाळंतीण शिरूरच्या दवाखान्यात न्यायची तर तीच, दौंड स्टेशनावरून पाहुणे आणायचे तर तीच आणि पेरणीच्या घाईत खताची पोती आणायलाही तीच. अशा गाडीच्या इंजिनाला सगळे जपतात. ऑइल बदलले का, पाणी पाहिले का, अशी चौकशी होते. पण इंजिन बिघडले तर गाडी फार तर रस्त्यात उभी राहते. चाकाला धरून ठेवणारा सांधा निखळला तर ती उभी राहत नाही, भलतीकडे जाते. या सांध्याकडे आणि त्याच्या सोबतीच्या स्प्रिंगकडे व शॉक ॲब्सॉर्बरकडे मात्र खडखडाट असह्य होईपर्यंत कोणी वाकून पाहत नाही. कला शाखेच्या अंकात असला विषय काढण्याचे कारण एवढेच.

सस्पेन्शन म्हटले की आपल्याला कचेरीतले निलंबन आठवते. मोटारीच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. युरोपातल्या जुन्या घोडागाड्यांचे धड चामड्याच्या जाड पट्ट्यांनी खरोखरच टांगलेले असे. आपल्या बैलगाडीत असे काही नव्हते. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला सापडलेल्या धातूच्या रथाचे चित्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. दोन बैल, दोन चाके आणि वर उभा हाकणारा. चाकाला बसलेला दणका थेट त्याच्या टाचेत. बैलगाडीतही हीच गत, आणि त्यावर उपाय एकच: खाली कडबा किंवा गोणपाट अंथरायचे. बैलाच्या चालीला हे निभावून गेले, मोटारीच्या वेगाला निभावले नसते.

टांग्याला आणि पुढे एस.टी.ला, ट्रकला लोखंडी पाटे आले. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेली ही कमान मोठी गुणी. ती वजन पेलते, आसाला जागेवर धरून ठेवते आणि पट्ट्या एकमेकींवर घासत असल्यामुळे उसळी थोडीफार आवरतेही. म्हणजे तीन कामे एकटीच करते. छोट्या मोटारीत ही तीन कामे तिघांना वाटून दिलेली आहेत. वजन पेलायला गुंडाळीची स्प्रिंग, उसळी आवरायला शॉक ॲब्सॉर्बर आणि चाक जागेवर धरायला आर्म, बुश व बॉल जॉइंट. ही वाटणी एकदा नीट ध्यानात आली की गाडीच्या बहुतेक तक्रारींचा उगम आपला आपल्याला शोधता येतो.

स्प्रिंगबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जितके वजन तितकी ती दबते. हा नियम रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच सांगून ठेवला आहे. ती सहसा दगा देत नाही. फार वर्षे जास्त वजन वाहिले तर बसते, म्हणजे गाडीचा तो कोपरा कायमचा खाली येतो. क्वचित गंज लागून तिचा टोकाचा वेढा तुटतो.

खरी गंमत शॉक ॲब्सॉर्बरची आहे. गॅरेजमध्ये त्याला सुटसुटीतपणे 'शॉकअप' म्हणतात. नावावरून वाटते की हा धक्का शोषून घेत असेल. प्रत्यक्षात धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की एकदा दबली की ती उसळते, मग पुन्हा दबते, पुन्हा उसळते. मोटारीचे धड साधारण सेकंदाला एक ते दीड वेळ या लयीत वरखाली होत असते, आणि आवरणारा कोणी नसेल तर एका खड्ड्यानंतर ते कितीतरी वेळ डोलत राहील. शॉक ॲब्सॉर्बर हे डोलणे मारतो. तो म्हणजे तेलाने भरलेली एक नळी आणि तिच्यात सरकणारा बारीक छिद्रांचा दट्ट्या. दट्ट्या सरकायचा तर तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. तेल सहजी वाट देत नाही, आणि उसळीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवल्यावर शॉक ॲब्सॉर्बर कोमट झालेला असतो तो यामुळे.

तो निकामी झाला की गाडी हेलकावे खाते, पोटात ढवळते, हे सर्वांना कळते. ज्याची जाणीव होत नाही ती गोष्ट अधिक वाईट आहे. धक्क्यानंतर चाक रस्त्यावरून किंचित उचलले जाते आणि टेकते, पुन्हा उचलले जाते. ब्रेक हा शेवटी टायरच्या जमिनीला असलेल्या पकडीवर चालतो; टायर हवेत असेल तर कितीही जोराने पाय दाबून उपयोग नाही. उबडखाबड रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ऊसतोडणीच्या हंगामात अंधारातून मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक पुढे येते, तेव्हा ते वाढलेले अंतर किती महाग पडते हे या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको.

तिसरे काम, चाकाला धरून ठेवण्याचे. छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुधा मॅकफर्सन पद्धत असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ही रचना काढली, आणि १९५० साली इंग्लंडच्या फोर्ड कंपनीने कॉन्सल व झेफिर या गाड्यांना ती दिली. तिच्यात शॉक ॲब्सॉर्बर हाच चाकाचा उभा खांब होतो, त्याच्याभोवती स्प्रिंग बसते, वरचे टोक बॉनेटखाली गाडीच्या धडाला आणि खाली चाकाला धरायला एकच लोअर आर्म. सुटे भाग कमी आणि जागाही कमी लागते, त्यामुळे आडवे इंजिन बसवता येते. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे वर-खाली दोन आर्म आणि मागे चक्क पाटे होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तोवर ही रचना लोकांच्या पाठीला परिचयाची होती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने पुढची मॅकफर्सन पद्धत घराघरांत नेली. आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यात फियाट पुंटो आणि २००८ साली आलेली टाटा इंडिका व्हिस्टा तयार होत असत. त्यांनाही पुढे मॅकफर्सन आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारी, पीळ सोसणारी आडवी तुळई आहे. त्या गाड्या आता निघत नाहीत, पण आपल्या आसपास अजून पुष्कळ धावतात.

लोअर आर्मच्या धडाकडच्या बाजूला रबरी बुश आणि चाकाकडच्या बाजूला बॉल जॉइंट असतो. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्याच्या सांध्याची पोलादी नक्कल. वाटीत गोळा, मधे वंगण, वरून रबरी टोपी. ही टोपी काही रुपयांची वस्तू. ती फाटली की वंगण बाहेर आणि घोडकाठची काळी माती आत. मग गोळा झिजतो, सैल होतो, आणि एखाद्या दिवशी वाटीतून निसटतो. चाक आडवे होते आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. वेग कमी असला तर सुटलात. म्हणून संपूर्ण सस्पेन्शनमध्ये मी सर्वांत आधी काय पाहत असेन तर ही टोपी.

आता खडखडाटाकडे वळू. आवाज सगळे सारखे नसतात. लहान लहान खड्ड्यांवरून हळू जाताना पुढून 'टक टक' असा कोरडा आवाज येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी, वळणावर गाडी कलंडू न देणारी एक आडवी सळई असते. तिला चाकाच्या खांबाशी जोडणारा हा छोटा दांडा. मोठ्या खड्ड्यात 'धप्' असा आवाज आला तर सस्पेन्शन शेवटपर्यंत दबून आतल्या रबरी ठोकळ्यावर आदळले आहे असे समजावे; कारण वेग, जादा वजन किंवा संपलेला शॉक ॲब्सॉर्बर. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर 'कर्र' होऊन स्प्रिंग झटका देत असेल तर वरच्या माउंटिंगचे बेअरिंग पाहावे. गतिरोधकावर दाराच्या बिजागरीसारखी 'कुंई' ऐकू येत असेल तर बुशचे रबर कोरडे पडले किंवा फाटले आहे. टायरही बोलतो, फक्त डोळ्यांशी. एकाच कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे; ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर दमला आहे.

हे ठाऊक असण्याचा उपयोग माझ्या चुलत्यांच्या व्हिस्टाच्या वेळी झाला. पुढून टकटक येत होती आणि एका गॅरेजने चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याचा हिशेब हातात ठेवला, पाच आकडी. आम्ही चारही शॉक ॲब्सॉर्बर पाहिले. बाहेरून कोरडे होते, गाडी डोलत नव्हती. नुसती टकटक. दुसऱ्या एका फिटरने सळई हाताने हलवून दाखवली. दोन्ही लिंक रॉड सैल होते, आणि खर्च त्या हिशेबाच्या जवळपासही गेला नाही. सगळेच गॅरेजवाले लुबाडतात असे मला म्हणायचे नाही. गिऱ्हाईक 'गाडी वाजतेय' एवढेच सांगून चहाला निघून जाते, तेव्हा मेकॅनिकही काय करणार! आवाज कुठून, किती वेगाला, सरळ जाताना की वळताना, हे सांगितले तर त्याचेही काम सोपे होते.

घरी करण्यासारख्या तपासण्या थोड्या आहेत. गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडावे. कोपरा वर येऊन स्थिरावला तर ठीक, दोन-तीनदा डोलला तर शॉक ॲब्सॉर्बर गेला. मात्र या परीक्षेत पूर्ण मेलेलाच नापास होतो, अर्धमेला पास होतो; तेव्हा त्याच्या नळीवर तेलाने भिजून चिकटलेली धूळ आहे का हेही पाहावे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग सैल आहे. आडवे धरून हलवल्यावर खेळ असेल तर दोष बहुधा स्टिअरिंगच्या टोकाच्या सांध्यात. हे सपाट जागी, उरलेल्या चाकांना दगड लावून करावे, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. स्प्रिंग सोडवण्याच्या भानगडीत तर घरी मुळीच पडू नये. दाबलेली स्प्रिंग हत्याराशिवाय सुटली तर माणूस दगावू शकतो.

निगा राखताना दोन सवयी मोडाव्या लागतील. पहिली, गाडीखाली जळके ऑइल किंवा डिझेल मारण्याची. पाट्यांच्या काळात पट्ट्यांमध्ये तेल घालणे योग्यच होते. पण आज तेथे रबर आहे, आणि खनिज तेलाने साधे रबर फुगून मऊ पडते. आवाज चार दिवस थांबतो आणि बुश लवकर जातो. दुसरी, गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे घालण्याची. त्यामुळे वेढे अडकतात, स्प्रिंग ताठ होते, आणि जो दणका तिने झेलायचा तो माउंटिंगला व पत्र्याला बसतो. पावसाळ्यानंतर चाकाच्या आतल्या बाजूला थापलेला चिखल मात्र पाण्याने जरूर धुवावा. तो वाळून शॉक ॲब्सॉर्बरच्या चकचकीत दांड्यावर ओरखडे पाडतो, तेथून तेल गळू लागते.

वजनाचेही भान हवे. छोटी गाडी पाच माणसे आणि थोडे सामान, म्हणजे साधारण चारशे किलो, एवढ्या हिशेबाने बांधलेली असते. युरियाचे पोते ४५ किलोचे, डी.ए.पी.चे ५० किलोचे. मागे पाच पोती आणि पुढे चार माणसे बसली की मागचा भाग बसतो, नाक वर होते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालवण्यातही एक खुबी आहे. खड्डा दिसल्यावर ब्रेक अलीकडेच मारून घ्यावा आणि चाक खड्ड्यात उतरण्यापूर्वी पाय सोडावा. ब्रेक दाबलेलाच राहिला तर गाडीचे नाक आधीच खाली दबलेले असते आणि स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही.

दुरुस्ती करून घेताना शॉक ॲब्सॉर्बर एका आसाचे दोन्ही बदलावेत. एक नवा आणि एक जुना असेल तर गाडी ब्रेकला तिरकी ओढते. लोअर आर्म किंवा खांब उघडला असेल तर अलाइनमेंट करून घ्यावेच लागते. आणि एक गोष्ट गॅरेजमध्ये उभे राहून पाहावी. बुशचे बोल्ट गाडी हवेत टांगलेली असताना पक्के आवळू नयेत. तेव्हा आर्म खाली लोंबत असतो. तशा स्थितीत आवळले तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी सैलसर लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदा दाबून हलवायची आणि मग शेवटचे आवळायचे. मेकॅनिक घाईत असेल तर त्याला तेवढी दहा मिनिटे थांबायला सांगावे.