जुनं व्हीएमसी घेण्याआधी काय तपासायचं?

आजचा विषय जरा तेलकट हातांचा आहे. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई इकडची मुलं आयटीआय करतात आणि वाळूजला, चिकलठाण्याला, नाहीतर चाकण-भोसरीला जातात. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारी लहान वर्कशॉपं वाढली. तिथं आठ-दहा वर्षं ऑपरेटर, सेटर म्हणून काढली की मनात येतं, गावाकडं आपलंच एक मशीन टाकावं. नवं व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, झेपत नाही. मग जुनं शोधायचं. त्यात पीएफचे पैसे असतात, आईचं सोनं असतं, कधी अर्धा एकर जमीन असते.

म्हणून एक गोष्ट पक्की धरून चाला. मशीन किती जुनं आहे, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की, ते बंद पडलं तर बीडमध्ये उभं राहून पुन्हा चालू करता येईल का? वाळूजमध्ये शेजारच्या शेडमधून एखादा ड्राइव्ह लावून बघता येतो, मेकॅनिक संध्याकाळपर्यंत येतो. बीडला तोच माणूस सव्वाशे किलोमीटरवरून येणार. त्याचा दिवस गेला, तुमचाही गेला.

त्यामुळे अभ्यासाची सुरुवात लोखंडापासून नको, कंट्रोलपासून करा. जाण्याआधी फोनवरून तीन फोटो मागवा: मशीनची नेमप्लेट, कंट्रोलचा पडदा आणि उघडलेलं इलेक्ट्रिक पॅनेल. कंट्रोल फानुकचा आहे की सीमेन्सचा, कोणत्या मालिकेचा, ड्राइव्हचे नंबर काय, हे लिहून घ्या. मग तेच नंबर दुरुस्ती करणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, ‘याचं कार्ड मिळतं का, केवढ्याला?’ फानुकची शून्य मालिका १९८५ची, पण ती ओळखणारी माणसं आजही सापडतात. एखाद्या कमी खपाच्या कंट्रोलचं मशीन दिसायला चकाचक असेल, पण ते उघडणारा माणूसच मिळाला नाही तर उपयोग काय?

आता मेमरी. जुन्या कंट्रोलवर ‘८० मीटर’ असं लिहिलेलं दिसतं. मेमरी मीटरमध्ये कशी? कारण १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये पहिलं असं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर होता. एका इंचात दहा अक्षरं बसायची. म्हणजे ८० मीटरमध्ये साधारण ३१ हजार अक्षरं. भोकं पाडायची, खाचा घ्यायच्या असतील तर पुष्कळ झालं. पण मोल्डचा वळणदार आकार करायचा असेल तर प्रोग्राम लाखो अक्षरांचा होतो. मग तो आरएस-२३२ केबलने थेंब-थेंब पाजावा लागतो आणि मशीन अडखळत चालतं. तेव्हा आधी काम ठरवा, मग मशीन.

बऱ्याच जुन्या कंट्रोलमध्ये पॅरामीटर बॅटरीच्या जिवावर टिकून असतात. मशीन वर्षभर बंद पडून राहिलं आणि बॅटरी संपली, की मशीनला स्वतःची ओळखच उरत नाही. म्हणून विचारा: पॅरामीटरची प्रत आहे का? लॅडरची? इलेक्ट्रिक ड्रॉइंगचं पुस्तक? नसेल तर किंमत तिथंच खाली आली पाहिजे.

आता प्रत्यक्ष बघायला जा. मालकाला आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत मशीन चालू करू नका.’ थंड स्पिंडलचा आवाज खरं बोलतो. अर्धा तास फिरवा, मग बेअरिंगपाशी हात लावून बघा. टेस्ट बार लावून डायलने रनआऊट घ्या, टेपरजवळ एकदा आणि खाली टोकाला एकदा. टूल चेंजर पन्नास वेळा फिरवा. एकदा अडकला तर उद्या रोज अडकेल.

बॅकलॅशमध्ये एक मेख आहे. डायल लावलात, टेबल उलट-सुलट हलवलं, काटा छान दिसला, म्हणून खूश होऊ नका. कंट्रोल झीज आकड्याखाली झाकू शकतो. फानुकच्या नंतरच्या मालिकांमध्ये, म्हणजे १६, १८, २१ आणि ०आयमध्ये, १८५१ नंबरचा पॅरामीटर उघडा. एकक सहसा मायक्रॉनचं असतं. तिथं पाच-दहा असेल तर ठीक. ऐंशी-शंभर असेल तर बॉलस्क्रू किंवा त्याचं बेअरिंग बोलतंय. शिवाय टेबल मधोमध आणि दोन्ही टोकांना तपासा. काम नेहमी मध्यावर होतं, म्हणून स्क्रू तिथंच जास्त झिजतो.

शेवटी शंभर मिलिमीटरचा गोल कापून घ्या आणि मोजा. जिथं अक्षाची दिशा उलटते तिथं, म्हणजे गोलाच्या चार बाजूंना, पायरी दिसली तर झीज आहे. पडद्यावरच्या तासांवर मात्र विसंबू नका, तो आकडा बदलता येतो.

कागदांचंही बघा. मशीन कर्जात तारण असू शकतं. बिलावर सीरियल नंबर हवा, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र हवं, आणि केरसाई या केंद्रीय नोंदवहीत शोध घेता येतो. मग क्रेन, ट्रक, फाउंडेशन, लेव्हलिंग, अर्थिंग, स्टॅबिलायझर हे सगळं किमतीत मिळवा. गावच्या फीडरवर व्होल्टेज पडलं की जुने ड्राइव्ह लगेच अलार्म देतात, म्हणून वीज आधी मोजा.

एका श्रोत्याचा प्रश्न आहे: ‘सर, मालक म्हणतो लाइट कापलीय, चालू करून दाखवता येत नाही, पण अर्ध्या किमतीत देतो.’ दादा, मग ते मशीन नाही, पाच टन लोखंड आहे. भंगाराच्या भावानं परवडत असेल तरच घ्या. नाहीतर चहा प्या आणि परत या. जाण्या-येण्याचं भाडं गेलं, जमीन वाचली.