तटस्थता आणि निःपक्षपात : महाभियोगाच्या प्रसंगी सभासदाचे कर्तव्य

लोकनियुक्त सभागृह कायदे करते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि मंत्रिमंडळाला जाब विचारते. या तिन्ही कामांत पक्षनिष्ठा गैर मानली जात नाही. किंबहुना पक्षाच्या आधारावाचून ती कामे सुरळीत चालणे कठीण आहे. परंतु क्वचित असा प्रसंग येतो की, त्याच सभागृहाला एखाद्या उच्च पदाधिकाऱ्याच्या दोषादोषाचा निर्णय करावा लागतो. कालचा पक्षसभासद त्या दिवशी न्यायासनावर बसतो. त्याने पक्षाकडे पाहावे की पुराव्याकडे, हा प्रश्न वॉशिंग्टनची सिनेट, दिल्लीची लोकसभा आणि नंदुरबार जिल्ह्यातील एखादी ग्रामपंचायत या तिन्ही ठिकाणी मूलतः एकच आहे. त्याचा विचार करताना मराठीतील ‘तटस्थ’ आणि ‘निःपक्षपाती’ हे दोन शब्द वेगळे ठेवणे अवश्य ठरते. ते का, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

शपथ आणि तिचे सामर्थ्य

अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे अध्यक्षावर आरोप ठेवण्याचे काम प्रतिनिधिगृहाचे आणि त्यांचा निवाडा करण्याचे काम सिनेटचे आहे. निवाड्याला बसण्यापूर्वी प्रत्येक सिनेटरला निःपक्षपाती न्याय करण्याची वेगळी शपथ घ्यावी लागते. सभासदत्वाची शपथ या कामास पुरेशी नाही, असे घटनाकारांना वाटले, ही गोष्ट लक्षणीय आहे. दोषी ठरविण्यास उपस्थितांच्या दोनतृतीयांश मतांची आवश्यकता असते.

ही शपथ कितपत पाळली गेली? १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात ३५ मते दोषी आणि १९ मते निर्दोष अशी पडली. एका मताने ते बचावले. त्यांच्या विरोधात असलेल्या रिपब्लिकन पक्षाच्याच सात सिनेटरांनी निर्दोष असे मत दिले होते. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील पहिल्या महाभियोगात चित्र निराळे दिसले. बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याने सुनावणीपूर्वीच आपण निःपक्षपाती नाही असे उघड सांगितले होते. तर दुसऱ्या बाजूला, ट्रम्प यांच्याविरुद्ध निवडणूक लढविण्यासाठी पक्षाची उमेदवारी मागणारे काही सिनेटरच न्यायासनावर बसले होते. ट्रम्प यांच्या पक्षातून मिट रॉम्नी या एकाच सिनेटरने, तेही दोहोंपैकी एका आरोपावर, दोषी असे मत दिले. २०२१ च्या दुसऱ्या महाभियोगात त्याच पक्षाचे सात सिनेटर दोषी म्हणणाऱ्यांत होते. तरी ५७ विरुद्ध ४३ अशा मतदानाने दोनतृतीयांशाची अट पुरी झाली नाही. तात्पर्य, शपथ पक्षनिष्ठेला नाहीशी करीत नाही. मात्र ज्याला तिच्या वर उठावयाचे आहे त्याला ती आधार देते.

भारतीय घटनेतील योजना

भारताच्या राष्ट्रपतीवर ‘घटनेचा भंग’ या एकाच कारणासाठी अनुच्छेद ६१ अन्वये महाभियोग चालविता येतो. आरोपाच्या ठरावाला सभागृहाच्या किमान एकचतुर्थांश सभासदांच्या सहीची व चौदा दिवसांची नोटीस लागते. एका सभागृहाने एकूण सभासदसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमताने आरोप ठेवल्यावर दुसरे सभागृह त्याचे अन्वेषण करते किंवा करविते, आणि तितक्याच बहुमताने आरोप सिद्ध झाल्याचे ठरविल्यास राष्ट्रपती पदच्युत होतो. आजवर एकाही राष्ट्रपतीवर असा प्रसंग आलेला नाही. सभासदांसाठी वेगळ्या शपथेची तरतूद मात्र येथे नाही.

सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांसंबंधीची व्यवस्था अधिक सूक्ष्म आहे. अनुच्छेद १२४ मध्ये ‘शाबित झालेले गैरवर्तन अथवा अक्षमता’ ही कारणे सांगितली असून, १९६८ च्या न्यायाधीश चौकशी अधिनियमाने चौकशी आणि मतदान यांची फारकत केली आहे. चौकशी तिघांची समिती करते : सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश आणि एक नामवंत विधिज्ञ. समितीने निर्दोष म्हटले तर प्रकरण तेथेच संपते. दोषी म्हटले तरच ठराव सभागृहापुढे येतो. सत्यशोधनाचे काम पक्षांच्या हातून काढून घ्यावे आणि अखेरचा शब्द लोकप्रतिनिधींचा ठेवावा, असा हा समतोल आहे.

१९९३ चा प्रसंग

या समतोलाची पहिली कसोटी न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात लागली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना त्यांनी शासकीय निवासस्थानावर केलेल्या खर्चासंबंधी हे आरोप होते. १०८ सभासदांच्या सहीचा ठराव १९९१ मध्ये लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष रवि राय यांनी दाखल करून घेतला आणि चौकशी समिती नेमली. समितीचे प्रमुख होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, न्यायमूर्ती पी. डी. देसाई व न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी हे इतर दोन सदस्य. चौदा आरोपांपैकी अकरा शाबित झाले, असा समितीचा निष्कर्ष होता.

मे १९९३ मध्ये ठराव लोकसभेपुढे आला तेव्हा अध्यक्षस्थानी लातूरचे शिवराज पाटील होते. सोमनाथ चॅटर्जी यांनी ठराव मांडला. न्यायमूर्ती रामस्वामी यांच्या वतीने कपिल सिबल यांनी सभागृहापुढे सविस्तर बाजू मांडली. ११ मे रोजी मतदान झाले. उपस्थित ४०१ सभासदांपैकी १९६ जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, विरुद्ध एकही मत पडले नाही, आणि सत्तारूढ काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे मिळून २०५ सभासद तटस्थ राहिले.

ठराव संमत होण्यास दोन अटी होत्या. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोनतृतीयांशाची अट पूर्णपणे पुरी झाली, कारण मत देणारा प्रत्येक जण अनुकूल होता. परंतु एकूण सभासदसंख्येच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४५ पैकी किमान २७३, मते ही दुसरी अट पुरी झाली नाही. ज्याला कोणीही विरोध केला नाही असा ठराव अशा रीतीने फेटाळला गेला.

‘तटस्थ’ या शब्दातील पेच

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. तापीच्या पुरात कोणी सापडला असता प्रकाशाच्या घाटावर उभे राहणाऱ्यालाही शब्दशः तटस्थच म्हणावे लागेल. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे : मत न देणारा, आणि कोणाचीही बाजू न घेणारा. पहिल्या अर्थाच्या कृतीला दुसऱ्या अर्थाची प्रतिष्ठा सहज चिकटते. परंतु जेथे बहुमत एकूण संख्येवर मोजले जाते तेथे मत न देणे हे परिणामतः विरुद्ध मतच असते. फरक इतकाच की त्याचे कारण सांगावे लागत नाही.

समितीचा निष्कर्ष कोणास पटला नसेल, बचावाचे युक्तिवाद ग्राह्य वाटले असतील, तर विरुद्ध मत देणे हे सर्वथा निःपक्षपाती वर्तन ठरले असते. सार्वजनिक पैशाची अनियमितता दिसली तरी ती पदच्युतीइतकी गंभीर नाही, असे मानणाऱ्यालाही तो मार्ग मोकळा होता. त्या दिवशी तसे मत एकानेही दिले नाही, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. निःपक्षपाती न्यायाधीश निर्णय टाळीत नाही. तो निर्णय देतो व त्याची कारणे सांगतो.

याउलट १८ ऑगस्ट २०११ रोजी न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविषयीचा ठराव राज्यसभेने १८९ अनुकूल मतांनी संमत केला. त्यांनी स्वतः सभागृहापुढे आपली बाजू मांडली होती, आणि पक्षोपक्षांचे सभासद अनुकूल मत देणाऱ्यांत होते. लोकसभेत ठराव येण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. सभागृह न्यायासन होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

येथे पक्षादेशाचा प्रश्न उद्भवतो. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मत देणाराच नव्हे, तर त्याविरुद्ध मतदान टाळणाराही अपात्र ठरू शकतो. तथापि १९९२ च्या किहोटो होलोहन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या बंधनाचा अर्थ मर्यादित केला : सरकारवरील विश्वास-अविश्वास, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतदारांकडे मते मागितली ते धोरण, एवढ्यापुरतेच ते असावे. न्यायाधीशाचे गैरवर्तन शाबित झाले की नाही, ही बाब यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. तेव्हा महाभियोगावरील मतदान पक्षादेशाच्या कक्षेबाहेर मानणे तर्काला धरून आहे.

ग्रामपंचायतीतील दोन वाटा

विश्वास आणि दोष यांतील हा भेद महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात फार स्वच्छपणे उतरला आहे. कलम ३५ प्रमाणे सभासद सरपंचावर अविश्वासाचा प्रस्ताव आणू शकतात. तहसीलदार सभा बोलावतो, सरपंचाला बोलण्याचा हक्क असतो, आणि आवश्यक बहुमत मतदानास पात्र अशा एकूण सभासदांवर मोजले जाते. गैरवर्तन शाबित होण्याची अट येथे नाही. कलम ३९ ची वाट वेगळी आहे. गैरवर्तन, लाजिरवाणी वर्तणूक किंवा कर्तव्यातील हयगय यांसाठी सरपंचाला दूर करावयाचे असेल, तर विभागीय आयुक्ताच्या आदेशाने जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी नोटीस देऊन चौकशी करतो, सरपंचाचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि निर्णय आयुक्त देतो. नंदुरबार जिल्ह्यापुरते पाहिल्यास चौकशी नंदुरबारला आणि निर्णय नाशिकला होतो.

या जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदे व नवापूर हे तालुके पूर्णतः आणि नंदुरबार व शहादे हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींची प्रमुखपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. पैशाच्या अपहाराचा आरोप करून कलम ३५ चा प्रस्ताव संमत केला तर सरपंच पद गमावतो, त्याच्या नावाला डाग लागतो, आणि आरोप खरा होता की खोटा हे कधीच ठरत नाही. दीर्घ काळानंतर मिळालेले हक्काचे पद अशा रीतीने जाणे हा त्या व्यक्तीवर अन्याय होतो. आणि आरोप खरा असेल, तर चौकशीवाचून गावाचा पैसा बुडतो हा गावावर अन्याय होतो. बहुमत पाठीशी असलेला दोषी सरपंच त्याच कारणाने सुरक्षित राहतो, ही याचीच दुसरी बाजू.

कलम ३९ ची वाटही सर्वस्वी निर्धोक नाही. आयुक्ताच्या निर्णयावरील अपील शासनाकडे जाते, म्हणजे पक्षाशी बांधलेली व्यक्ती पुन्हा न्यायासनावर येते. विधिमंडळातही हाच पेच आहे. शिवसेनेतील फुटीनंतरचा अपात्रतेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी विधानसभेच्या अध्यक्षांकडे सोपविला आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी तो दिला. निर्णयाच्या गुणदोषांविषयी मतभेद आहेत. परंतु बहुमताने निवडलेल्या अध्यक्षाने बहुमताच्याच भवितव्याचा निवाडा करावा, ही रचना मूळातच अवघड आहे. म्हणूनच २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार संसदेने करावा असे सुचविले होते.

उपसंहार

‘पंचामुखी परमेश्वर’ ही म्हण पंचांना देवत्व देण्यापेक्षा त्यांच्यावर जबाबदारी टाकते. मराठेशाहीत पंचायतीपुढे येणारे वादी-प्रतिवादी निवाडा मान्य असल्याचा राजीनामा आधी लिहून देत. पंचांनी तो विश्वास सार्थ करावा ही अपेक्षा त्यात होती. रामशास्त्र्यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे, पण ते एका न्यायाधीशाचे. शेकडो सभासदांच्या सभागृहात व्यक्तीच्या धैर्यावर विसंबून भागत नाही; कार्यपद्धतीने त्या धैर्याला वाट करून द्यावी लागते.

त्या दृष्टीने तीन गोष्टी आवश्यक दिसतात. पहिली, निवाड्याला बसताना सभासदाने वेगळी शपथ घ्यावी. दुसरी, अशा मतदानास पक्षादेश लागू नाही, हे कायद्यातच नमूद व्हावे. तिसरी, मत न देणाऱ्यानेही आपले कारण सभागृहाच्या कामकाजात नोंदवावे. या सुधारणा होवोत वा न होवोत, सभासदाला स्वतःपुरती एक कसोटी सदैव उपलब्ध आहे : आरोपी प्रतिपक्षाचा असता तर याच पुराव्यावर आपण हेच मत दिले असते काय? ज्याचे उत्तर होकारार्थी आहे त्याचे मत कोणत्याही बाजूस पडो, ते निःपक्षपाती होय.