शॅमेलिऑनचा डोळा दिवसा मिटला तर

आजचा भाग शॅमेलिऑनच्या डोळ्यांवर. असला प्राणी घरात ठेवतं कोण, असं काहींना वाटेल. ठेवतात. पुण्या-मुंबईत, नागपुरात, बंगळुरूत आणि आता आमच्या नवा रायपूरच्या नव्या इमारतींतही ठेवतात. या मंडळींचा मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच असतो : "सर, एक-दोन दिवस झाले, डोळा उघडत नाही. कोणते ड्रॉप्स टाकू?"

माझं उत्तर : ड्रॉप्सकडे नंतर येऊ, आधी पिंजऱ्याकडे बघा. मी पशुवैद्य नाही, निवृत्त फौजी आहे. पण डोळ्यात औषध घालून मोकळं होण्याची घाई या प्राण्याला फार महाग पडते, म्हणून आज सविस्तर बोलतो.

त्याआधी कायद्याचं उरकून घेऊ. आपल्या रानात, कुंपणाच्या झुडपांत दिसणारा तो घोयरा सरडा. आमच्या छत्तीसगढीत सगळ्याच सरड्यांना 'टेटका' म्हणून मोकळे होतात. घोयरा त्यातलाच एक, पण खरा शॅमेलिऑन. तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो घरात ठेवता येत नाही. प्रेमाने नाही, औषधपाण्यासाठी नाही, मुलाच्या हट्टासाठी तर नाहीच. घरात असतात ते परदेशी : येमेन आणि सौदी अरेबियाकडचा, डोक्यावर तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन, किंवा मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन. तेही 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. तेव्हापासून असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. ज्यांच्याकडे कागद नसतात ते डॉक्टरकडे जायला घाबरतात, आणि त्या भीतीत जनावराचा डोळा जातो.

आता डोळ्याकडे. हा डोळा समजला की अर्ध्या चुका आपोआप टळतात.

शॅमेलिऑनच्या वरच्या आणि खालच्या पापण्या एकमेकींना जुळलेल्या असतात. सगळं बुबुळ खवल्यांच्या शंकूने झाकलेलं आणि टोकाला बारीकसं भोक, तेवढ्यातून तो जग बघतो. डोळा वळतो तेव्हा पापणीही त्याच्याबरोबर वळते, रणगाड्याच्या बुरुजासारखी. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. एक पुढे, एक मागे, जणू दोन वेगळ्या चौक्या. किडा दिसला की दोन्ही डोळे त्याच्यावर येतात, आणि जीभ सुटते.

आता अंतर कसं मोजतो? आमच्या वेळी लांब नळीचे, दोन टोकांना दोन भिंगं असलेले रेंजफाइंडर असत. दोन जागांवरून दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढायचं. शॅमेलिऑनही दोन डोळ्यांनी तसंच करत असेल, असा समज सहज होतो. 1977 मध्ये लिंडसे हार्कनेस या संशोधिकेने 'नेचर'मध्ये वेगळंच दाखवलं. त्यांनी शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे भिंगं बसवली आणि त्याचा नेम चुकू लागला. म्हणजे तो अंतर मोजतो ते कॅमेऱ्यासारखं, फोकस जुळवून. एक डोळा झाकला तरी त्याला अंतर कळतं. पुढे 1995 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या ओट आणि शेफेल या दोघांनी आणखी एक नवल समोर आणलं : या प्राण्याच्या डोळ्यातलं भिंग उलट्या शक्तीचं आहे. ते प्रकाश गोळा करत नाही, पसरवतं. प्रकाश गोळा करण्याचं काम पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया करतो. पुढे गोळा करणारं, मागे पसरवणारं, ही गॅलिलिओच्या दुर्बिणीची मांडणी झाली. त्यामुळे त्याला चित्र मोठं दिसतं.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, कॉर्नियावर ओरखडा आला तर या प्राण्याचं नुकसान फार मोठं होतं, कारण त्याची सगळी दुर्बीण त्या पडद्यावर उभी आहे. दुसरी, एक डोळा गेला तरी तो शिकार करू शकतो. दोन्ही मिटले तर मात्र उपासमार. तो वासावर खाणारा प्राणी नाही. किडा दिसला नाही तर समोर असूनही तो खात नाही. मोठा प्राणी काही दिवस तग धरेल, पिल्लाला दोन-तीन दिवसही जड जातात. प्रश्न डोळ्याचा म्हणून सुरू होतो आणि बघता बघता जिवावर येतो, तो असा.

घाबरण्याआधी नेहमीचं काय, ते ओळखा. रात्री तो डोळे मिटून, रंगाने फिकट होऊन झोपतो; ठीक. पाण्याचा फवारा बसला की डोळे मिटतो, कधी बुबुळ फुगवून आतल्या आत गोल फिरवतो, फांदीवर घासतो. बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं, पण ही त्याची डोळे धुण्याची रीत आहे. कात टाकतानाही असंच करतो. काही मिनिटांत डोळा पूर्ववत झाला की विषय संपला. दिवसाउजेडी फांदीवर बसून डोळे मिटलेले, हे मात्र कधीच ठीक नाही. रानात दिवसा डोळे मिटणारा शॅमेलिऑन पक्ष्याच्या पोटात जातो, म्हणून आजारी असला तरी तो शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवायची धडपड करतो. मिटले याचा अर्थ त्राण संपत आलं.

मी एक ठोकळ नियम सांगतो. एकच डोळा मिटला असेल तर कारण बहुतेक त्या जागेवरच असतं. दोन्ही मिटले असतील तर कारण अंगात असतं किंवा पिंजऱ्यात. नियमाला अपवाद आहेत, पण तपास कुठून सुरू करायचा ते यावरून कळतं.

एका डोळ्याची कारणं साधी असतात. कातीचा तुकडा पापणीच्या आत अडकतो. किड्यांवर भुरभुरलेली कॅल्शियमची पूड जाते, किंवा पिंजऱ्यात खाली पसरलेला नारळाचा भुसा. काही झाडांचा चीक लागतो. रुईचा चीक माणसाच्या डोळ्यालाही इजा करतो, हे गावाकडच्यांना सांगायला नको. युफोर्बिया आणि कुंडीतला फायकसही त्याच पंगतीतले. जास्वंद किंवा मनी प्लांट ठेवा, बिनघोर राहाल. आणखी एक कारण कोणाच्या ध्यानात येत नाही : खाऊन उरलेले रातकिडे. रात्री तो झोपला की उपाशी रातकिडे त्यालाच कुरतडतात, डोळ्याभोवतीही. संध्याकाळी उरलेले किडे काढून घ्या.

दोन्ही डोळ्यांचं प्रकरण मोठं. माझा पहिला संशय पाण्यावर असतो. शॅमेलिऑन वाटीतलं साचलेलं पाणी सहसा पीत नाही. पानावरचे थेंब चाटतो. मालक वाटी रोज भरून ठेवतो आणि समजतो की पाणी मिळतंय. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 ला टेकतो, लोक दार-खिडक्या लावून एसी चालवतात, खोलीतली हवा कोरडी पडते. डोळे आत ओढल्यासारखे दिसतात, विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी होतो. ही तहान आहे. सकाळ-संध्याकाळ पानं ओली होतील असा फवारा आणि दिवसभर ठिबकणारं पाणी, एवढी सोय हवी. सलाईनची जुनी नळी आणि बाटली वापरून ठिबक करणारे मी पाहिलेत. स्वच्छ असेल तर उत्तम चालतं. मात्र पाणी खाली साचू देऊ नका आणि हवा खेळती ठेवा. कोंदट ओलाव्यात छातीचा संसर्ग होतो, आणि त्यातही डोळे मिटतात.

दुसरा संशय दिव्यावर. या प्राण्याला अतिनील किरणांचा दिवा लागतो, नाहीतर अंगात ड3 जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. पण दिवा फार जवळ किंवा फार तीव्र असला तर कॉर्निया भाजतो. काळा चष्मा न लावता वेल्डिंग बघणाऱ्या माणसाचे डोळे रात्री जसे चुरचुरतात, तसंच. नवा दिवा बसवल्यावर एक-दोन दिवसांत डोळे मिटले असतील तर हाच संशय धरा. काही पिळाच्या बल्बांनी हा त्रास झाल्याचं नोंदलेलं आहे, त्यामुळे लांब नळीचा दिवा बरा. तो किती अंतरावर हवा हे त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. जुना दिवा वर्षभरात निकामी होतो. उजेड देत राहतो, पण आपल्याला हवे ते किरण फारसे उरत नाहीत. म्हणून बसवल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा.

तिसरा संशय अ जीवनसत्त्वावर, आणि इथेच लोक फार घोटाळा करतात. अ कमी पडलं की अश्रूग्रंथींच्या आतलं नाजूक अस्तर जाड, खरखरीत होतं. पेशी झडून नळ्या तुंबतात, पापण्या सुजतात, मागून जंतू शिरतात. हे वाचून लोक माणसांच्या अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून पाजतात, कोणी इंजेक्शन देतं. अ जीवनसत्त्व अंगात साठतं, जास्त झालेलं लघवीवाटे निघून जात नाही. अति झालं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी सोलून निघते, आणि ते ड3 च्या कामातही अडथळा आणतं. हे प्रमाण वजन करून पशुवैद्यानेच ठरवायचं. तुमच्या हातात आहे ते किड्यांचं जेवण. बाजारातून आणलेला रातकिडा उपाशी असतो. त्याला एक दिवस गाजर, शेवग्याचा पाला, लाल भोपळा खाऊ घाला आणि मग शॅमेलिऑनला द्या. रिकामं पाकीट खाऊन कोणाचं पोट भरतं?

यानंतर उरतो जंतुसंसर्ग. डोळ्यामागे किंवा तोंडाच्या कोपऱ्यात गाठ आली, एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा पुढे आलं, तोंडात पिवळं काही दिसलं, तर घरी वेळ घालवू नका. सरड्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट असतो, वाहून जात नाही, नुसत्या औषधाने विरघळत नाही. तो डॉक्टरला कापूनच काढावा लागतो.

घरी काय करायचं ते थोडक्यात. निर्जंतुक सलाईन, 0.9 टक्क्यांचं, खोलीच्या तापमानाचं, एक-दोन थेंब पापणीच्या भोकावर. आतला कण निघायला याने मदत होते. चिमटा, काडी, कापूस आत घालायचा नाही. गुलाबपाणी, मध, एरंडेल यांतलं काहीही नाही. आणि घरच्या औषधाच्या डब्यातले जुने ड्रॉप्स तर मुळीच नाहीत. त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. लाली एका दिवसात उतरते, माणूस खूश होतो. पण कॉर्नियावर जखम असेल तर स्टिरॉइड ती भरू देत नाही आणि पडद्याला भोक पडू शकतं. जखम आहे की नाही ते डॉक्टर फ्लुरोसिन नावाचा हिरवट रंग घालून तपासतात. ती तपासणी झाल्याशिवाय असली बाटली उघडू नका.

सलाईन घालून, दिवा-पाणी सुधारून एका दिवसात डोळा उघडला नाही, किंवा खाणं बंद झालं, तर डॉक्टर गाठा. आमच्या भागात दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात नागपूरचं आणि मुंबईत परळचं. आधी फोन करून सरपटणारे प्राणी तपासतात का ते विचारा, कारण गायी-म्हशींच्या चांगल्या डॉक्टरनेही शॅमेलिऑन कधी हातात घेतलेला नसतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जाताना पिंजऱ्याचे, दिव्याचे आणि विष्ठेचे फोटो न्या, दिव्याचं खोकं न्या, काय खाऊ घालता ते लिहून न्या. डॉक्टरला निम्मं निदान त्यातूनच मिळतं. प्रवासात बारीक भोकं पाडलेला खोका, आत एक फांदी आणि ओलसर कापड. उन्हात उभ्या गाडीत एक मिनिटही ठेवू नका.

जाता जाता रानातल्या घोयऱ्याबद्दल. पावसाळा सरताना माद्या अंडी घालायला जमीन उकरायच्या म्हणून झाडावरून उतरतात. नवा रायपूरचे रस्ते रुंद, गाड्या वेगात, आणि हा प्राणी डुलत डुलत, पाऊल टाकू की नको करत चालतो. धडधाकट असेल तर तो ज्या दिशेला निघाला होता त्या बाजूच्या झुडपापर्यंत फांदीवर चढवून पोहोचवा आणि निघून या. डोळा फुटलेला, सुजलेला दिसला तर सावलीत, भोकाच्या खोक्यात ठेवा, काही खाऊ-पिऊ घालू नका, आणि लगेच वन विभागाला कळवा. ठिकाण नीट सांगा, म्हणजे बरा झाल्यावर त्यांना तो तिथेच परत सोडता येईल.