कॉल सेंटरमधील दूरध्वनी-परिभाषा आणि प्रतीक्षेचे मोजमाप

कॉल सेंटरमध्ये येणारा कॉल सामान्यतः प्रथम आयव्हीआर या ध्वनिसूचना-यंत्रणेकडे जातो. ग्राहकाने दाबलेल्या अंकानुसार स्वयंचलित कॉल वितरक तो योग्य प्रतिनिधीकडे वळवितो. या क्रियेस 'कॉल राउटिंग' म्हणतात. सर्व प्रतिनिधी व्यस्त असल्यास कॉल 'रांगेत' राहतो. प्रतीक्षेतच ग्राहकाने तो बंद केल्यास त्यास 'परित्यक्त कॉल' अशी संज्ञा आहे.

कॉलच्या भाराचे 'एर्लांग' हे एकक डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग (१८७८-१९२९) यांच्या नावावरून रूढ झाले. एका तासात सरासरी ३ मिनिटांचे १०० कॉल आल्यास भार ५ एर्लांग होतो. ५ प्रतिनिधी नेमल्यास रांग वाढतच जाते. एर्लांग यांच्या १९१७ मधील प्रतीक्षा-सूत्रानुसार, कोणीही कॉल सोडत नाही असे गृहीत धरल्यास, ६ प्रतिनिधी असता सरासरी प्रतीक्षा सुमारे १०६ सेकंद, तर ७ असता सुमारे २९ सेकंद येते.

'८०/२० सेवास्तर' म्हणजे ८० टक्के कॉल २० सेकंदांच्या आत स्वीकारणे. मात्र ही मोजणी सामान्यतः कॉल रांगेत आल्यापासून सुरू होते. आयव्हीआरमध्ये गेलेला वेळ तीत धरला जात नाही. ग्राहकाची प्रतीक्षा मात्र पहिल्या सूचनेपासूनच सुरू झालेली असते. म्हणून सेवास्तराच्या आकड्यापूर्वी त्याची व्याख्या तपासणे आवश्यक ठरते.