केसाहून बारीक फरक ओळखणारे दात

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवा आणि सावकाश आ करा. आधी काहीतरी जागच्या जागी फिरतं, मग बोटाखाली खळगा पडतो. खालच्या जबड्याचं गोलसर टोक खोबणीतून निघून चक्क पुढे घसरलेलं असतं! फिरणं आणि घसरणं, दोन्ही एकाच सांध्यात. मध्ये एक लवचीक चकतीही त्याच्याबरोबर सरकते. ती जागची हलली की तोंड उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो.

झोपेत करकर दात खाणाऱ्या काहींचा जबडा सकाळी आखडतो, कानशिलं ठणकतात. कळ कानातही जाते. 1934 साली जबडा आणि कान यांच्या दुखण्याचं नातं मांडणारे जेम्स कॉस्टन कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, यात म्हणूनच नवल नाही.

अशा काही रुग्णांना दंतवैद्य रात्री लावायला स्प्लिंट देतात: दातांवर घट्ट बसणारं, दोन-तीन मिलिमीटर जाडीचं कडक, पारदर्शक आवरण. समोरच्या जबड्याचे सगळे दात त्यावर एकाच वेळी, सारख्याच दाबाने टेकले पाहिजेत. आणि इथे दात फार चोखंदळ. दात हाडात चिकटवलेला नसतो, बारीक तंतूंनी टांगलेला असतो आणि त्या तंतूंमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात. त्यामुळे सुमारे 20 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून बारीक उंचवटाही चावताना कळू शकतो.

आता जुनी पद्धत बघा. अल्जिनेटच्या लगद्यात दातांचं माप घ्यायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, साच्यावर मेणाचा स्प्लिंट घडवायचा, मेण वितळवून त्या जागी अ‍ॅक्रिलिक दाबून शिजवायचं. माप सुकलं की आक्रसतं, प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं, अ‍ॅक्रिलिक पुन्हा आवळतं. या सगळ्या ओढाताणीतून दातांवर नेमकं बसणारं काही हाताने घडवणाऱ्या टेक्निशियनचं मला मनापासून कौतुक वाटतं.

डिजिटल पद्धतीत तोंडात लगदा नाही. छोटा कॅमेरा दातांवरून फिरतो, पडद्यावर जबडा उभा राहतो, स्प्लिंटही तिथेच आखला जातो. मग कारखान्यात आधीच पक्क्या झालेल्या अ‍ॅक्रिलिकच्या जाड चकतीतून यंत्र तो कोरून काढतं. आवळायचं ते आधीच आवळून झालेलं! थ्री-डी प्रिंटर उलट वाटेने जातो: द्रव रेझिनचा अनेकदा 50 किंवा 100 मायक्रॉनचा एकेक थर प्रकाशाने घट्ट करत वर चढतो. तिथे थोडं आवळणं उरतंच.

तरीही वेदना कमी होण्यात जुन्या आणि डिजिटल पद्धतीच्या स्प्लिंटमध्ये आतापर्यंतच्या अभ्यासांत ठळक तफावत दिसलेली नाही. मला यात विसंगती वाटत नाही. कॅमेऱ्याने टिपलेला चावा त्या दिवशीच्या ताणलेल्या स्नायूंचा असतो. स्प्लिंट वापरून स्नायू सैलावले की जबडा थोडा वेगळ्या जागी मिटू लागतो. मग डॉक्टर दातांमध्ये रंगीत कागद धरतात, “चावा… आता डावीकडे घासा” म्हणतात, आणि जिथे ठिपका जास्त गडद उमटतो तिथे घासून काढतात. असं दर भेटीत थोडं थोडं.

स्प्लिंट हरवला तर संगणकातल्या फाइलवरून दुसरा काढता येतो, ही मोठीच सोय. पण तो निघतो पहिल्या दिवशीचा. खुर्चीतली सगळी घासाघीस त्यात हवी असेल, तर जुळवून झालेला स्प्लिंट वेळीच पुन्हा स्कॅन करून ठेवावा लागतो.